मी उष्टा झालो तो दिवस

मी चहाचा पेला बोलतोय. झाकणाचा, पांढरा, पोटावर निळी बांबूची फांदी. भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही दहा भावंडं होतो. नदीवाटेने शांघायला येताना अकरा जकात नाके लागले. प्रत्येक नाक्यावर पेंढा उपसला, कर घेतला, पेंढा परत कोंबला. पोचलो तेव्हा चौघेच धड होतो.

आमचे मालक दुआनसाहेब सरकारी अधिकारी. फार मायाळू माणूस. आमच्याकडे अधिकाऱ्यांच्या घरी रीत अशी, की यजमानाने पेला उचलला की भेट संपली. साहेब मला उचलत, दारातला म्हातारा नोकर गेंग ओरडे, "पाहुण्यांची पालखी आणा!" आणि मी भरलेलाच खाली. नऊ वर्षं मला कुणाचा ओठ लागला नाही.

मग साहेबांवर इंग्रजांशी बोलणी करायचं काम आलं. इंग्रजांनी आम्हाला बंदरावरचा आयात कर वाढवू द्यायचा, बदल्यात आम्ही देशातले नाके उठवायचे. साहेबांची थोरली बहीण गावी चहा पिकवते. नाक्यांवर कर भरता भरता तिच्या हाती काही उरत नसे. "ताई, नाके उठवूनच दाखवतो," असं साहेब तिला लिहून बसले होते.

चार महिने घासाघीस चालली. इंग्रजांचे वकील हॉलोवे शांघायात वीस वर्षं राहिलेले, आमची भाषा आणि रीतभात जाणणारे. एका दुपारी ते म्हणाले, "बरं, वाढवा कर. पण नाके खरंच उठतील याची हमी काय?"

नेमका तेव्हाच साहेबांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. चाचपडत त्यांनी मला उचललं.

"पाहुण्यांची पालखी आणा!" गेंग खणखणीत ओरडला.

हॉलोवे ताडकन उठले. टोपी डोक्यावर चढली. "हमी मागितली तर हाकलून देता?"

साहेबांनी झाकण काढलं आणि वाफाळता चहा एका दमात घशाखाली उतरवला. मग मला उपडं धरून दाखवलं. एक थेंब पडला नाही.

"जीभ भाजली," साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. "घालवायचं असतं तर प्यायलो असतो का? बसा हो!"

हॉलोवे बघतच राहिले. मग पोट धरून हसले. "अहो दुआनसाहेब, निदान फुंकर तरी घालायची!" टोपी पुन्हा मेजावर आली.

करारावर सह्या झाल्या. पण आमच्याशी व्यापार करणारे बाकीचे देशही कबूल झाले तरच तो लागू होणार होता. ते अजून झालेले नाहीत. नाके जिथल्या तिथे आहेत.

आता साहेब घरीच असतात. माझ्या काठाचा टवका उडालाय, तरी रोज सकाळी त्यांना मीच लागतो. त्यांनी मला उचललं की गेंग दारातून विचारतो, "पालखी आणू का?"

"आण, आणि तूच बसून जा!"

वर्षातून एकदा त्याच नदीवाटेने ताईंच्या चहाचा पुडा येतो. साहेब आधी त्यावरचे नाक्यांचे शिक्के मोजतात. अकरा. मग चहा टाकतात, फुंकर घालतात आणि पितात.

नाक्यावरच्या दादांनो, एखाद्या वर्षी तो पुडा शिक्का न मारता सोडा. मी भाजलेल्या मातीचा आहे, कितीही थांबेन. साहेब पंचाहत्तरीला आलेत.