म्हाळाचे वडे आणि पंधराशे वॅट

मी परळच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. पंप, व्हॉल्व्ह, मोटारी, जे काही कारखान्याला लागेल त्याची कोटेशनं मागवायची, स्पेसिफिकेशन ताडून पाहायची आणि विकणाऱ्याला घाम फोडायचा, हे माझं काम. माहितीपत्रकात छापलेलं सगळं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं मी नव्या पोरांना शिकवत आलोय. त्यामुळे घरात एअर फ्रायर घ्यायचं ठरलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर तक्ताच मांडला. लिटर किती, वॅट किती, तापमान कुठून कुठपर्यंत, भांडं गोल की चौकोनी, वॉरंटी कशावर आणि कशावर नाही. अनुजा, म्हणजे माझी बायको, मागून वाकून बघत होती.

"अहो, आपलं लग्न ठरताना तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती," ती म्हणाली.

सगळ्यांना मी सांगितलं की माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. ते वाढलेलं आहेच, पण त्यासाठी कोणी मशीन आणत नाही, त्यासाठी माणूस भजी खाताना फक्त हळहळतो. खरं कारण आमची आई होती.

मे महिन्यात एका दुपारी आईने कढईत तेल तापत ठेवलं आणि ती बाहेर गॅलरीत येऊन बसली. आमची खोली करी रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या कालिंदीकाकूंना धूर दिसला. त्यांनी आत धावत जाऊन गॅस बंद केला आणि कढईवर ताट टाकलं, म्हणून फक्त भिंत काळी झाली. मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा आई भिंतीकडे बघून विचारत होती, "ह्या कोणी केल्यान?" डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे विसरणं साधं नाही, आणि हे वाढतच जाणार. किती वाढणार, कधी वाढणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात असं उत्तर देणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. तिथे मात्र मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

त्या दिवसापासून मी निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून बॅगेत टाकायला लागलो. अनुजा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, ती माझ्याआधी जाते. मुलगी नोकरीला बंगळुरात. आई दिवसभर एकटी. रोज माझ्या डब्याशेजारी तो रेग्युलेटर परळला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. एकदा मीटिंगमध्ये बॅगेतून टेबलावर घरंगळला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "हे कोणाचं सॅम्पल?" मी म्हटलं, "घरचं."

पहिले काही दिवस आई मला फोन करायची. "हितू, गॅस संपलो वाटता."

"नंबर लावलाय, आये."

दुसऱ्या दिवशी तेच. मी तेच खोटं रोज नव्याने बोलायचो आणि ती रोज नव्याने "बरा" म्हणायची. निदान मला तसं वाटायचं. नंतर तिचे फोन बंद झाले. दुपारी कालिंदीकाकू डोकावायच्या, तेव्हा ती न पेटलेल्या शेगडीसमोर पाटावर बसलेली असायची. भाजी चिरून ठेवलेली, मसाला वाटून ठेवलेला आणि ती नुसती बसलेली. ज्या बाईने मिलच्या संपाचे दिवस काढले, वडील घरी बसलेले असताना डबे करून आम्हाला वाढवलं, तिच्या हातातून मी चूल काढून घेतली होती. मला ते बघवत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. स्वयंपाक गेला की ती सगळीच जाईल, हीच माझी भीती होती.

म्हणून त्या तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांपैकी मला खरा रस एकाच रकान्यात होता. वेळ संपली की आपोआप बंद. विसरलं तरी चालेल. एवढ्या भरवशावर मी ते मशीन घेतलं.

मग ते घरात आलं आणि माहितीपत्रक माहितीपत्रकाच्या जागी राहिलं. चार पूर्णांक दोन लिटर म्हणजे आत काठोकाठ पाणी भरलं तर. बांगडा काही पाण्यासारखा कोपऱ्यात शिरत नाही. तो आडवा ठेवावा लागतो, एकावर एक चालत नाहीत, आणि जाळीचा तळ आमच्या चहाच्या बशीहून थोडासाच मोठा. शेपट्या कापून दोन मावले. "चार माणसांसाठी" असं खोक्यावर लिहिलंय, ती चार माणसं बाहेरून जेवून येत असावीत. गरम हवा चहूबाजूंनी फिरते हे मात्र खरं. इतकी फिरते की बोंबलाचा सगळा रवा उडून वरच्या कॉइलला चिकटला, आणि बोंबील खाली आपल्याच पाण्यात शिजत बसला. आणि ते पंधराशे वॅट! साध्या प्लगमध्ये बसेना म्हणून वायरमन बोलावून मोठा पॉइंट काढून घेतला. तरी मोरीतला गिझर चालू असताना फ्रायर लावला की आमचा जुना ट्रिप स्विच पडायचा आणि अख्ख्या खोलीचे दिवे-पंखे जायचे. मी त्या स्विचला रोज शिव्या द्यायचो.

आईने पहिल्या दिवशीच मशीनभोवती फेरी मारून निकाल दिला होता.

"ह्येच्यात तेल खय घालूचा?"

"तेल नाही लागत, आये. वाऱ्यावर होतं."

"वाऱ्यार कोण तळता?" ती म्हणाली. "आणि तेलाशिवाय वडो कसो फुगतलो?"

पण हळूहळू तिने ते आपलंसं केलं. पापड, सुरणाचे काप, भरताचं वांगं. वेळ संपली की टिंग वाजायचं. "हाक मारता," ती म्हणायची आणि लगबगीने उठायची. एकदा मी घरी आलो तर तिने माझ्यासमोर वांग्याचे काप ठेवले, थोडे कोरडे, कडेला करपलेले. मी सगळे खाल्ले. अनुजा स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसत होती. आम्हाला वाटलं, जमलं.

मग पितृपक्ष आला. आमच्याकडे वडिलांचा म्हाळ असतो. शामराव माझे वडील, आयुष्यभर मिलच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. म्हाळाला काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, भाजी आणि वडे. वडे नसले तर म्हाळ झालाच नाही. तांदूळ, उडीद, मेथी, धणे यांचं जाडसर पीठ आई अजून नेमकं दळून आणते. तिथे तिचा हात चुकत नाही. आदल्या रात्री तिने पीठ गरम पाण्यात भिजवलं, त्यावर फडकं बांधलं आणि मला सांगितलं, "तुझ्या बापाशीक वडे गरम लागतत."

मी म्हटलं, "आये, मी अर्ध्या दिवसाने येतो. मी आलो की आपण दोघं मिळून तळू."

"बरा," ती म्हणाली.

सुट्टी मिळत नव्हती. सकाळी एक पार्टी कोटेशन घेऊन येणार होती आणि साहेबांना मी हवाच होतो. निघताना मी सवयीने रेग्युलेटर काढला. क्षणभर हात अडखळला, आज तरी ठेवावा का असं वाटलं, पण मग भिंतीवरचा काळा डाग दिसला. कालिंदीकाकूंना सांगावं तर त्या त्याच दिवशी शीवला भावाकडे म्हाळाला गेलेल्या. काही तासांचाच प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावलं.

दुपारी लालबागच्या बाजारातून केळीची पानं घेऊन मी जिना चढलो. गॅलरीत सगळ्यांच्या खोल्यांतून पंख्यांचा आवाज येत होता. आमच्या खोलीतून येत नव्हता. दार लोटलं तर आत अंधारलेलं आणि कोंदट. ट्रिप स्विच पडला होता. गिझरचं बटण खाली होतं. आईने म्हाळाचा स्वयंपाक म्हणून डोक्यावरून आंघोळ केली होती आणि गिझर बंद करायला ती विसरली होती.

ती ओट्यापाशी पाटावर उभी होती. ओले केस, धुतलेलं लुगडं, कपाळावरून घामाच्या धारा. शेजारच्या ताटात थापलेले वडे ओळीने मांडलेले, सगळे एका मापाचे. समोर फ्रायरचं भांडं बाहेर ओढलेलं. तेलाची रिकामी पिशवी ओट्यावर पडली होती, आणि भांड्यात जाळी बुडेल इतकं तेल ओतलेलं होतं. त्यात एक कच्चा वडा तळाशी बसला होता.

"इलंस? बरा झाला," ती म्हणाली. "ह्या मशीन वायच आवाज केल्यान आणि गप ऱ्हवला. तेल काय तापणा नाय रे. कधीपासून बोट घालून बगतंय."

आणि तिने माझ्यासमोर पुन्हा बोट बुडवलं, पार पेरापर्यंत. वर काढून माझ्यासमोर धरलं. "बग. थंड."

माझ्या हातातली पानं खाली पडली. गिझर बंद केला असता तर स्विच पडला नसता. आतली कॉइल लाल झाली असती, पंख्याने तेल वर ओढलं असतं, आणि मी जिन्यात असतानाच मला धूर दिसला असता. नाहीतर ते तेल नुसतंच तापलं असतं आणि तिने असंच बोट घातलं असतं. ती एक गोष्ट विसरली म्हणून दुसरीतून वाचली होती. उद्या ती गिझर बंद करायची आठवण ठेवेल, तर काय? एवढं सगळं मी ताडून पाहिलं होतं, आणि जिच्यासाठी मशीन घ्यायचं ती वड्याला तेल लागतं हे कधीच विसरणार नाही, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी तिचा हात माझ्या रुमालाने पुसला. मला ओरडायचं होतं. कोणावर ते कळत नव्हतं. तोंडातून फक्त "आये, आये" एवढंच येत होतं.

"रडतंस कित्याक?" ती म्हणाली. "वडे फुकट गेले नाय हत. पीठ चांगला आसा. तेल तेवढा तापव."

मी फ्रायरचा प्लग काढला. भांड्यातलं तेल गाळून कढईत ओतलं. बॅग उघडली, डब्याशेजारचा रेग्युलेटर काढला, तिच्याकडे पाठ करून सिलिंडरला बसवला आणि गॅस पेटवला.

मग मला ओट्याजवळ जागाच उरली नाही. आईने पिठाचा कण तेलात टाकला, तो वर आला तसा तिने पहिला वडा कडेने अलगद सोडला. झाऱ्याने त्याच्यावर तेल उडवलं. वडा टम्म फुगला. ती माझ्याकडे बघून हसली, संपाच्या दिवसांत आम्हा भावंडांना वाढताना हसायची तशी.

"बगलंस? बाजूक हो, तेल अंगार उडात."

मी बाजूला झालो, पण गॅसच्या बटणापासून हात लांब नेला नाही. वडे एकामागून एक उतरत होते. एकही जळला नाही, एकही बसका निघाला नाही. कितीतरी महिन्यांनी ती घाईत होती, तोऱ्यात होती, मला कामं सांगत होती. पान घे, खीर काढ, दिवो लाव. मला इतका आनंद झाला की त्याचीच भीती वाटायला लागली. कारण असं तिच्यामागे उभं राहायला मला रोज कोण सोडणार होतं? आणि उभा राहिलो तरी किती दिवस?

शेवटचा वडा उतरल्यावर तिने ताट उचललं आणि वडिलांच्या फोटोसमोर मांडलेल्या पानाकडे निघाली. मागे कढई तशीच, गॅस तसाच मोठा. तेलातून निळसर धूर निघायला लागला होता. तिने वळून पाहिलं नाही. मी गॅस बंद केला.

तिने पान वाढलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मी गॅलरीतल्या पत्र्यावर कावळ्यासाठी वाडी ठेवून आलो. मग ती भिंतीला टेकून बसली आणि दमल्यासारखी डोळे मिटून राहिली. तिला डुलकी लागली असं समजून मी हळूच सिलिंडरपाशी गेलो. खटका आवाज न करता फिरवला आणि रेग्युलेटर काढला. तो अजून हातातच होता, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"आताच बॅगेत घाल, हितू. नायतर सकाळी विसरशीत."