सवत बोलली

जुना संगणक गेला, आणि त्याच्यामागोमाग बाबांची खुर्चीही रिकामी झाली.

तीस वर्षं त्यांनी बस आगारात वेळापत्रकं आखली. निवृत्तीनंतर विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग माझं नाव. पण सकाळी दहाला संगणकासमोर बसले की हात आपसूक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जायचा, तिथलं बटण दाबायचा, आणि कधीच बंद पडलेल्या मार्गांवर बाबा पुन्हा गाड्या सोडायचे. डॉक्टर म्हणाले होते, एवढा धागा तुटू देऊ नका.

नवा आणला तेव्हा बाबांनी पडद्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. बटण सरकून मधोमध आलेलं, चित्रं चपटी, खिडक्यांचे कोपरे गोल.

"कुणाचं आहे हे?"

"तुमचंच, बाबा."

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये," म्हणत ते उठले. त्या दिवसापासून पायांत चपला घालून दाराशी बसायचे. घरी जायचंय म्हणायचे. स्वतःच्याच घरात.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. म्हटलं, याला जुन्यासारखं करून द्या.

"लोक नव्यासाठी जीव टाकतात ताई, आणि तुम्ही बाळाला म्हातारं करायला निघालात!"

"होईल का?"

"होईल की. आतून नवाच राहील, वरून जुना सदरा चढवतो. पण माप हवं. जुन्या पडद्याचा फोटो आहे?"

होता. बाबांच्या साठाव्या वाढदिवसाचा. पडदा स्पष्ट दिसत होता, फक्त डावीकडची एक रांग आईच्या खांद्याआड गेली होती. आईला जाऊन चार वर्षं झाली.

तो फोटोवर बोट ठेवून एकेक चित्र जागच्या जागी लावत गेला. खांद्यापाशी थांबला. "इथे मागे काय होतं?"

"पत्त्यांचा खेळ असेल," मी अंदाजाने म्हटलं.

"आणि सुरू होतानाचा तो जुना आवाज? तोही घालू?"

"घाला." मापात काही उणं राहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला बाबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि संगणक सुरू केला. तेच चार सूर वाजले. बाबांचे खांदे सैल झाले. हात डाव्या कोपऱ्यात गेला. बटण तिथेच होतं, त्यांची वाट पाहत.

"पोचलो बुवा घरी," ते म्हणाले, आणि पायातल्या चपला त्यांनी टेबलाखाली काढून ठेवल्या.

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"आज उशीर का?"

"कशाला, बाबा?"

"अगं, सवत बोलली ना आत्ता!"

आई संगणकाला सवत म्हणायची. ते सूर ऐकले की दोन कप चहा घेऊन यायची, येता येता गुणगुणत:

सवत माझी बोलते, चार सुरांची तिची वाणी,
तिच्या वाट्याला धनी, माझ्या वाट्याला चहापाणी.

ती गेल्यावर तो आवाज मला सोसेना, म्हणून जुन्या संगणकाचा स्पीकर मीच काढून ठेवला होता. विसराचं दुखणं बाबांचं, आणि विसरले मी.

बाबा दाराकडे बघत होते. मी आत गेले, चहा ठेवला. हाताला लागले ते दोनच कप, आईचे.

"तू आणलास? ती कुठाय?"

खरं ओठांवर आलं होतं. त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "झोपलीय, बाबा."

"झोपू दे. दमते फार." त्यांनी दुसऱ्या कपावर अलगद बशी झाकली आणि दहा-दहाची गाडी सोडायला वळले.

हे रोजचं मला झेपणार नव्हतं. मी हळूच माऊस ओढून घेतला, आवाज कायमचा बंद करायला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"सवतीला गप्प करू नकोस गं. मी बसलोय हे तुझ्या आईला कळायचं कसं?"