बाहीचे रंग वेगळे मोजा

एकोणीस वर्षं शाळेत गणित शिकवून झाल्यावर बाईंनी प्रोग्रामिंगची नोकरी धरली, तेव्हा नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. ऑफिसात सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे. तो वर्गात घुमणारा आवाजच तसा होता. कंपनी विणकामाच्या यंत्रांसाठी कंपायलर बनवायची. कारखान्यानं स्वेटरचा नमुना साध्या शब्दांत लिहायचा, कंपायलरनं तो तपासून यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरवायचा.

सहा आठवडे बाईंच्या वाट्याला मदतपुस्तिकेतल्या चुका सुधारण्याचंच काम आलं होतं. मग एका मंगळवारी एका छोट्या कारखान्याच्या मालकिणीचा फोन आला.

"अहो, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, मी पाच रंग वापरले! यंत्रात चारच धागे बसतात, हे मला ठाऊक नाही होय? स्वेटरमध्ये तीन रंग आहेत, तीन! सकाळपासून यंत्र बंद पडून आहे."

टीमचे प्रमुख बाईंहून बारा वर्षांनी लहान, कामानं गांजलेले. म्हणाले, "ती तपासणीच बंद करून द्या त्यांना. पुढचं पुढे बघू."

"आणि खरंच कुणी पाच रंग घातले तर? सुया मोडतील."

"मग बघता तुम्ही?"

"बघते," बाई बोलून गेल्या.

कंपायलर नमुन्याचं झाड करतो, एवढं त्यांना माहीत होतं. स्वेटर म्हणजे खोड, त्याला पाठ, पोट, गळा अशा फांद्या. त्या झाडावरून 'व्हिजिटर' नावाचा कोडचा तुकडा फिरतो आणि फांदीफांदीला जाऊन रंग मोजतो. बाईंनी मालकिणीच्या नमुन्याचं झाड कागदावर काढलं आणि व्हिजिटर जसा जाईल तसं बोट फिरवलं. स्वेटरच्या आतच बाहीचा स्वतंत्र नमुना लिहिलेला होता. बाही वेगळी विणायची, तिचे रंगही वेगळे, दोन. पण व्हिजिटर दिसेल त्या फांदीत आपोआप शिरत होता आणि बाहीचे दोन रंग स्वेटरच्या तीनांत मिळवत होता.

'आत दुसरा नमुना दिसला की शिरू नकोस,' अशी एक ओळ त्यांनी घातली. चूक गायब!

"वा! पाठवून द्या," प्रमुख म्हणाले.

पण उत्तर उलट्या बाजूनं ताडून बघायची खोड जाईना. बाईंनी मुद्दाम सहा रंगांची बाही लिहिली. कंपायलरनं ती बिनबोभाट पास केली. साहजिकच, व्हिजिटर आता बाहीकडे बघतच नव्हता. बाईंचे कान गरम झाले. पाठवलं असतं म्हणजे?

बुधवार त्यातच गेला. बाहीत शिरताना स्वेटरची मोजणी बाजूला ठेवायची, शून्यापासून मोजायचं, बाही संपली की जुनी मोजणी पुन्हा उचलायची. पण बाही संपली कधी, हे सांगणारं कोडमध्ये काहीच नव्हतं, कारण खाली कधी उतरायचं ते व्हिजिटर स्वतःच ठरवत होता. शेवटी बाईंनी ती सूत्रं आपल्या हाती घेतली. नमुना भेटला की व्हिजिटरनं थांबायचं. आपण 'जा' म्हटलं तरच आत जायचं, आणि तो परतला की पुढची ओळ जुनी मोजणी जागेवर ठेवणार.

गुरुवारी नवी आवृत्ती गेली. तासाभरात पुन्हा फोन.

"स्वेटर चालला हो. पण हा दुसरा नमुना लावला, टोपीवाला, तर म्हणतंय टोपीत पाच रंग! आता काय करू?"

बाईंनी कागद-पेन पुढे ओढलं. "एकदा मोजून बघता का? मी थांबते."

पलीकडे यंत्राची खडखड ऐकू येत होती. मालकीण पुटपुटत मोजत होत्या.

"अगं बाई! लाल दोन घातलेत मी, गडद आणि फिका." आणि त्या खळखळून हसल्या. "ही टोपी कालच लिहिली, तशीच यंत्रावर चढवली असती तर सुया मोडल्या असत्या. बरं झालं."

फोन ठेवून बाई वळल्या, तर मागे प्रमुख उभे.

"अजून चार तपासण्यांत व्हिजिटर असाच मोकाट फिरतोय," ते जरा संकोचून म्हणाले. "घेता का?"

"घेते. पण तुम्ही शेजारी बसायचं. मला हजार शंका येतात."

प्रमुखांनी खुर्ची ओढली. बाईंनी नवा कागद घेतला आणि खोडापासून सुरुवात केली.