पंखावरचा अंगठा

तिने पालथा घातलेला प्लॅस्टिकचा डबा अलगद उचलला, खालचं वीतभर विमान शेपटीला धरून खिडकीपाशी नेलं, पंख उजेडात तिरका केला आणि तिच्या तोंडून निघालंच, "अरे देवा!"

आरशासारख्या चकचकीत काळ्या रंगात, डाव्या पंखाच्या अगदी मधोमध, अंगठा उमटला होता.

"काय झालं?" खुर्चीतून नवऱ्याने विचारलं.

"परत तेच."

"बघू." त्याने डावा हात पुढे केला. उजवा मांडीवर पडून होता. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तिथेच असायचा. त्याने विमान आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्यावरून. "घासावं लागणार. यावर चंदेरी मारून उपयोग नाही."

"एवढंसं तर आहे."

"अगं, दुसरा कुठला रंग असता तर खपून गेलं असतं. हे जेट उघड्या पत्र्याचं दिसायला हवं. काळ्यावर चंदेरीचा थर कसला, नुसता श्वास टाकल्यासारखा. खाली जे असेल ते दुप्पट होऊन वर येणार. ओरखडा असो, केस असो. महाचुगलखोर रंग आहे तो."

ती मटकन स्टुलावर बसली. घासायचं म्हणजे पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरने सगळा काळा रंग उतरवायचा, पुसायचं, पुन्हा फवारायचं, पुन्हा डब्याखाली झाकून वाळायची वाट बघायची. हे तिसऱ्यांदा. आठवडाभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा ढिल्या करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हे! पाठीचा नुसता भुगा झाला होता.

हा उद्योग तिचा नव्हताच मुळी. शेजारपाजारचे नवऱ्याला कॅप्टन म्हणत, कारण जन्मात कधी विमानात न बसलेल्या या माणसाच्या कपाटात स्वतः जोडून रंगवलेली छोटी विमानंच विमानं होती. पूर्वी ती त्या कपाटाची धूळसुद्धा पुसत नसे. एकदा एक चाक मोडलं होतं, तर स्वारी दोन दिवस धड बोलली नव्हती. पण झटका आला तेव्हा हे चंदेरी जेट टेबलावर अर्धवट पडलेलं होतं. येता-जाता त्याची नजर तिकडेच जायची, आणि तिला ते बघवेना. शेवटी तीच म्हणाली, तुम्ही सांगा, मी करते. सुई धरणारा हात आहे, जमेल.

त्याच बोलण्यात तिने आणखी एक सांगून ठेवलं होतं. विमान झालं की मी लेकीकडे जाणार, महिनाभर. धाकटे भावोजी इथे राहायला येतील. लेकीच्या घरी मागच्या खोलीत एक पलंग होता, आणि तिथे कुणी "अगं, ऐकलंस का?" म्हणून हाक मारणार नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. झोप हवी होती.

"तिकीट काढू का गं आई?" लेक दर फोनला विचारायची.

"थांब जरा, काळा रंग वाळू दे," असं ही सांगायची. लेकीला वाटायचं, आईचं डोकं फिरलंय.

तिने पॉलिश पेपर पाण्यात टाकला आणि सवयीने नवऱ्याचं भिंग डोळ्याला लावलं. ठसा किती खोल गेलाय ते पाहायचं होतं. ती बघत राहिली. मग स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. दुकानातल्या मोठ्या कात्रीने तो कधीतरी आडवा कापला होता, आणि कातडीवर पांढरी रेघ कायमची राहिली होती. पंखावरच्या अंगठ्याला रेघच नव्हती. शिवाय तो चांगला रुंद होता. आणि या खेपेला तर तिने हातमोजे घातले होते!

ती उठून खुर्चीपाशी गेली.

"अंगठा दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

त्याने मूठ वळली, मग आपणहून उघडली. अंगठ्याच्या नखाच्या कडेला काळी किनार होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी मूर्ख म्हणून घासत बसले? हाताला शिव्या देत बसले स्वतःच्या? म्हटलं, म्हातारी झाले, हात कापायला लागला!"

तो खाली बघत होता. काल रंग फवारून ती दुकानात गेली, तेव्हाच हे झालं असणार. काठी भिंतीला टेकवून, टेबलावर पोट रेलून, एका हाताने डबा उचलायचा, अंगठा दाबायचा आणि डबा होता तसा परत ठेवायचा. पाण्याचा पेला उचलताना अर्धा अंगावर सांडणारा माणूस! पडला असता म्हणजे? तिला त्याच्या तसं उभं राहण्याचाही राग आला.

"का?" तिने विचारलं.

"झालं की तू जाणार."

"महिन्याने येणारच होते की."

"तुझ्या जागी मी असतो," तो म्हणाला, "तर आलो नसतो."

तिला पटकन "काहीतरीच काय!" म्हणायचं होतं. पण दुकानात मशीन चालवताना हाच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, एकदा नव्हे, बऱ्याचदा. मागच्या खोलीतला पलंग, आणि परतीचं तिकीटच नाही. लाज वाटायची, पण यायचा.

ती टेबलाकडे वळली. पाण्यातला पॉलिश पेपर काढून पिळून बाजूला ठेवला, हातमोजे चढवले, चंदेरीची बाटली हलवली आणि फवाऱ्याचा कॉम्प्रेसर सुरू केला.

"अगं, घासलं नाहीस! ऐकलंस का? ठसा तसाच आहे!"

कॉम्प्रेसरच्या घरघरीत तिने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. नाकापासून शेपटीपर्यंत तिने पातळ फवारा मारला, थांबली, दुसरा मारला. काळ्यातून हळूहळू पत्रा उगवत गेला. मग चिकटपट्टी लावून इंजिनाकडचे तुकडे जरा करडे केले, त्याने शिकवलं होतं तसे. दुपार कलेपर्यंत विमान असं दिसायला लागलं की बोट लावलं तर गार लागेल. आणि डाव्या पंखावर, एकेका वळणासकट, त्याचा अंगठा लखलखत होता.

त्याने चष्म्यावरून पंख पाहिला. "वाया गेलं गं," म्हणाला. "कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, मेकॅनिकचा हात लागलाय."

त्याला हसू आलं. ते त्याने आवरलं.

तिने लेकीला फोन लावला. "काढ तिकीट," म्हणाली. "हो, वाळलं." फोन ठेवून ती स्टुलावर चढली आणि कपाटावरचा सुट्या भागांचा नवा खोका खाली काढला, कागदाचं वेष्टनही न फाडलेला. टेबलावर, त्याच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवला. त्यावर आणखी एका चंदेरी जेटचं चित्र होतं.

"आत्ता कुठे उघडतेस हा?"

"आत्ता नाही. आल्यावर."

तिने टेबलावरचा कटर उचलला, पात्याला टोपण घातलं आणि पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी टाकला.

"अगं, तो कुठे नेतेस? भाग नीट कापणारा तेवढा एकच आहे घरात."

"माहितीये," ती म्हणाली आणि पर्सची चेन ओढली.