डब्याची टोपी

भुवनेश्वरीबाईंचं नाक मार्गळी महिन्यातल्या तापात गेलं. म्हणजे नाक होतं जागच्या जागी, खड्यासकट, चारचौघींत उठून दिसणारं. त्यातला वास तेवढा उठून गेला, पाहुणा जावा तसा, आणि जाताना येतो म्हणूनही बोलला नाही. ताप उतरल्यावर त्यांनी न्हाऊन जाईचा गजरा माळला, आणि माळला की नाही हे केसांना हात लावून पाहावं लागलं. दुसऱ्या दिवशी धने भाजताना करपले. ते कळलं डोळ्यांत धूर गेल्यावर.

दुसरी कुणी असती तर घरभर सांगत सुटली असती. बाई गप्प राहिल्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या परसात त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं त्या मिरी लावलेलं सुकं मटण शिजवायच्या, गरम गरम डब्यांत भरायच्या, हातानं फिरवायच्या यंत्रावर झाकणाची कड दुमडून बसवायच्या आणि डबे मोठ्या कुकरात घालायच्या. तयार झालेल्या खेपेतला एक डबा फोडून त्या नुसता हुंगायच्या. हुंगून मान हलवली की बाकीचे डबे गावाला निघाले. सगळा कारखाना त्या एका नाकावर उभा होता, आणि ते नाक आता शोभेचं.

यजमान अमरसिंहांचा त्या शेडवर डोळा होता. राजवाडा बघायला येणाऱ्यांना स्कूटर लावायला जागा मिळत नाही, हे ते रोज जेवताना सांगत. पार्किंगचा एक बोर्डही त्यांनी रंगवून घेतला होता, आणि तो कपाटामागं तोंड भिंतीकडं करून उभा होता. नाकाचं त्यांना कळलं असतं तर बोर्डानं तोंड फिरवलं असतं.

सुंदरी होती मदतीला, ओरत्तनाडूहून बसनं येणारी. बाईंनी तिच्या नाकाखाली डबा धरून पाहिला.

"कसा वाटतो गं?"

"सूप्पर, अक्का!"

मग बाईंनी मुद्दाम फरशी पुसायचं फडकं धरलं.

"सूप्पर, अक्का!"

सुंदरीच्या जगात सगळंच सूप्पर होतं. बाईंना तिचा हेवा वाटला, पण उपयोग काही झाला नाही. आता एकच राहिलं. काय आहे पोटात ते डब्यानंच सांगायला हवं होतं. आणि डबा पडला मुका.

दुसरं काही सुचेना तेव्हा बाई यंत्राचा दांडा फिरवत गाणं म्हणायच्या. जुनी गाणी आईबरोबर गेली होती, म्हणून ही त्यांनीच जुळवलेली:

*पत्र्याच्या रे बाळा, तुज झाकणाची टोपी,*
*मिरीं-धन्यांच्या पांघरुणीं कसा गेलास रे झोपी…*

शेजारच्या भिंतीवर एक पांढरं डोकं उगवलं. ते शेषगिरीरावांचं. आयुष्यभर त्यांनी मृदंग शिकवला. आता शिष्य उरले नव्हते, पण बोटं ऐकायला तयार नव्हती. ती भिंतीवर, पाटावर, पत्नी चंद्रमतीबाई वाढत असलेल्या ताटावर वाजत राहायची.

"भुवना, काय म्हणालीस? तोप्पी?"

"टोपी, मामा. झाकण म्हणजे टोपी. उगीच म्हणतें आहें."

"तोप्पी!" शेषगिरीराव म्हणाले, जणू हरवलेलं पोर सापडलं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला तिथं सगळे तोप्पी म्हणतात. बाईंनी बाळाला टोपी घातली आणि मामांनी डब्याला मृदंग केलं. "मग मुकी कां ठेवलीस तोप्पी?"

ते शेडमध्ये आले. यायच्या आधी अंगवस्त्र नाकावरून घट्ट गुंडाळलं. मटण हा शब्द त्यांच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. त्याला 'तें' म्हणत. अनामिकेनं त्यांनी एकेका डब्याला टिचकी मारली.

"हा बोलतो थोडका. हाही. आणि हा बघ… टप. मेला आहे हा."

बाईंनी तो डबा फोडला. वास येण्याचा प्रश्नच नव्हता, पण डोळे शाबूत होते. वर धरलेल्या चरबीवर हिरवट झाक होती. हातातली पकड तशीच ठेवून त्या पोत्यावर बसल्या.

"मामा, आंतलें बिघडलें तें बाहेरून ऐकूं येतें?"

"न यायला काय झालें? गरम भरून बंद केलें, तें निवलें, कीं झाकण आंत ओढलें जातें. वादी आवळल्यागत. तोंवर सूर. कोठें फट पडली, आंत हवा गेली, कीं झाकण सैल. मृदंगाचें कातडें सैल झालें तर मी हुंगून बघतों कां?"

"कातडें चालतें तुमाला. 'तें' चालत नाहीं."

"कातडें म्हणजे वाद्य," शेषगिरीराव अंगवस्त्राआडून म्हणाले. "तें म्हणजे… तें."

त्या दिवसापासून डब्याची सुधारणा सुरू झाली.

नुसतं साधं झाकण फार बारीक बोलायचं. ऐकायला मामांचा कान हवा. बाईंना ऐकू येईल असा खणखणीत सूर पाहिजे होता. बाईंनी तसं सांगितलं, कारण मात्र सांगितलं नाही. मामांना कारणाशी कर्तव्य नव्हतं. तोप्पीला मैफलीआधी रवा भिजवून लावतात, म्हणून त्यांनी सगळ्या झाकणांवर मधोमध रव्याची टिकली लावली. डबे काय बोलले म्हणता! शेड देवळासारखी घुमली. सकाळी मुंग्यांनी सगळा सूर वाहून नेला होता, आणि उरलेल्या टिकलीवर खारूताई बसून शांतपणे न्याहारी करत होती.

मग मामांनी वीणा करणाऱ्याकडून फणसाच्या लाकडाचे दोन ठसे कातून आणले. त्यांच्यात झाकण दाबलं की त्यावर वर्तुळं उठायची, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, आतली लहान, बाहेरची मोठी. एक वर्तुळ कमी केलं तर डबा किरटा वाजायचा, एक वाढवलं तर घोगरा. झाकणं दाबून दाबून बाईंचे तळवे सोलले. शेवटी एकदा डबे निवले, मामांनी टिचकी मारली, आणि डबा स्वच्छ, गोल, भरल्या घागरीसारखा बोलला. सा.

"वा!" मामा म्हणाले.

नळावर भांडी घासणारी सुंदरी हात पुसत धावत आली. तमिळमध्ये वा म्हणजे ये. मामांनी तिच्याकडं पाहिलंही नाही, पुढच्या डब्याला टिचकी मारली.

"वा!"

सुंदरी आणखी जवळ आली. अशी ती येत येत मामांच्या खांद्याला टेकली, तेव्हा मामा दचकून उडाले.

"हिला काय हवें?"

"तुमीच बोलावतां कीं तिला!" बाई हसून हसून यंत्राला टेकल्या. "दुसरें कांहीं म्हणा."

मामांनी विचार करून दुसरा जुना शब्द काढला. टिचकी मारली, मान डोलावली. "बेस!"

आता सुंदरीला ऐकू आलं पेसु. पेसु म्हणजे बोल. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला बोल म्हणावं! ती बोलली. बसमध्ये जागा कशी मिळाली नाही, नणंदेनं नवी साडी कशी घेतली, ती साडी पहिल्याच धुण्यात कशी विरली, सगळं. प्रत्येक चांगल्या डब्याला तिच्या नणंदेची एकेक गोष्ट पुढं सरकत गेली. डबे चांगले निघू लागले होते, त्यामुळं नणंदेचं सगळ्यांनाच कळलं.

अशात सिंगापूरहून अनिरुद्धराव आले. मूळ याच गल्लीतले. आता तिकडं त्यांचं मोठं दुकान. मनाला आले तर डबे कायमचे घेणार होते. अमरसिंहांनी जेवताना सरळ सांगितलं, "भुवना, हे घेतील तर शेड तुझी. मी परत बोलणार नाहीं. नाहीं तर बोर्ड लावतों."

अनिरुद्धराव शेडमध्ये यायच्या चार दिवस आधी, डबे बंद करताना, मामांच्या करंगळीला काहीतरी पांढरं लागलेलं बाईंना दिसलं. विभूती असेल, त्यांना वाटलं.

ठरल्या दिवशी बाकावर डब्यांची रांग लागली. पाहुणे ऐटीत बसले. मामांनी अंगवस्त्र आवळलं आणि टिचकी मारली. सा. दुसरा. सा. तिसरा. सा. आनंदाच्या भरात मामा जुन्या शब्दावर घसरले.

"वा!"

सुंदरी पुढं आली. अनिरुद्धरावही उठून पुढं आले. तिकडं राहून त्यांचं मराठी पातळ झालं होतं.

"बसा, बसा, तुमाला नव्हें," अमरसिंह म्हणाले.

चौथा डबा. टप.

मामांनी पुन्हा टिचकी मारली. टप.

"हाच उघडा," अनिरुद्धराव म्हणाले. "जो लपवावासा वाटेल तोच मी बघणार ला." त्यांच्या प्रत्येक वाक्याला सिंगापूरचं एक शेपूट असायचं.

डबा फोडला. अमरसिंहांनी डोळे मिटले. सुंदरी म्हणाली, "सूप्पर!" मामांनीसुद्धा अंगवस्त्र अजून एकदा गुंडाळलं, म्हणजे वास जोरकस असणार. अनिरुद्धरावांचे डोळे भरून आले.

"माझी आई उभी राहिली डोळ्यांपुढें ला. ह्यांत काय वाईट आहे? बाई, तुमी शिजवलें, तुमी हुंगून सांगा. मी खातों." आणि त्यांनी चमचा भरला.

सगळे बाईंकडं बघू लागले. बाईंनी डब्यावर नाक धरलं. आत काही नव्हतं. न मिरी, न धने, न आई. रिकाम्या घरात हाक मारावी तसं झालं. बरा आहे म्हटलं की शेड राहत होती. दोन नाकं बरा म्हणत होती. कानात मात्र एवढंच होतं: टप.

चमचा ओठांशी पोहोचला आणि बाईंनी तो फटकन् उडवला. मिरी लागलेला तुकडा अनिरुद्धरावांच्या पांढऱ्या बुटावर जाऊन बसला.

"खाऊं नका!"

"अहो, पण वास तर…"

"वासाचें मज सांगूं नका. मज वासच येत नाहीं. मार्गळीपासून." मग त्या यजमानांकडं वळल्या. "धने करपले त्या दिवशीं म्हणालांत, लक्ष नाहीं तुझें. लक्ष होतें. नाक नव्हतें. लावा बोर्ड."

अमरसिंहांचं तोंड उघडं राहिलं. "भुवना, मग इतके दिवस डबे…?"

"ऐकून," बाई म्हणाल्या.

मामा पुढं झाले. ज्या माणसानं जन्मात 'तें' शिवलं नव्हतं, त्यानं दोन बोटांनी ते ओशट झाकण उचललं, उजेडात धरलं, आणि कडेच्या घडीत नखानं टोकरलं. घडीत एक रव्याचा कण होता. शिजून फुगलेला, साबुदाण्याएवढा.

"अपराध माझा," ते म्हणाले. आवाज खाली उतरला होता. "हें झाकण ठशांतून जरा चढेंच निघालें. केसाएवढें. पाहुणे येणार, मज राहवेना. बंद करण्याआधीं चिमूटभर रवा लावला. पुसला होता. एक कण राहिला आणि त्यानें फट पाडली. आंत हवा गेली. वर वास गोड, आंत काय वाढलें असेल तें देव जाणे. भुवना खरें म्हणते. खाऊं नका."

मग अनिरुद्धरावांच्या पोटातून हसू निघालं, बुटावरचा तुकडा हलेपर्यंत.

"म्हणजे तुमीच डबा बिघडवला, आणि तुमच्याच डब्यानें तुमची चहाडी केली ला! नाकाला फसवतां येतें. माझें फसलेंच कीं. हा डबा चहाडखोर आहे. मज चहाडखोरच डबा हवा. सगळे घेतों. पण वर लिहा, आधीं वाजवा, मग उघडा."

"मराठींत?" बाईंनी विचारलं.

"लिहा मराठींत. पण तमिळ अक्षरांत. तिकडें आमाला कोठें दुसरीं येतात ला?"

अमरसिंह घरात गेले आणि कपाटामागचा बोर्ड घेऊन आले. सगळ्यांना वाटलं, लावणार. त्यांनी तो बाईंच्या पुढं ठेवला. "पत्रा जाड आहे," खाली बघत म्हणाले. "ठशांखाली घालायला चालेल कां बघ." मग जरा थांबून, "गजरे आणीत होतों मी रोज. सांगायचें होतेंस."

"दिसतात कीं," बाई म्हणाल्या.

पाहुणे गेले. मामा घरी गेले. झाकण शिवल्याबद्दल चंद्रमतीबाईंनी त्यांना मागच्या दारात उभं करून डोक्यावर घागरी ओतल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. बाईंनी उद्याच्या खेपेचं पातेलं चुलीवर चढवलं. धने भाजले, रंगावर. मिरी कुटली, आवाजावर. मटण शिजू लागलं, अंदाजावर.

भिंतीवर ओलं, पांढरं डोकं उगवलं. अंगवस्त्र खांद्यावर होतं. नाक उघडं.

"मामा, पातेलें उघडें आहे. तुमी जा."

"असूं दे." मामा खाली उतरले, भिंत धरत धरत पातेल्यापाशी आले. डोळे घट्ट मिटले. थंड पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा एक श्वास सोडला, आणि वाकून, हळूच, आत ओढला.

"धने," ते म्हणाले. "खरपूस. करपले नाहींत. मग मिरी… ती थोडी मागून येते, तंबोऱ्यागत. आलें. तुपाची कड."

"आणि?" बाईंच्या हातातला डाव थांबला होता. त्यांनीही डोळे मिटले होते. "आणि तें? तें कसें आहे, मामा?"

मामांचा चेहरा आंबट झाला, मग विचारात पडला, मग सुटला.

"तें…" ते म्हणाले. "तें बेस."

आणि नळापाशी सुंदरीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला, आणि नणंदेचं पुढं काय झालं ते सांगायला सुरुवात केली.