पद्मजाला कावीळ नव्हती

अपेक्षाच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा रायपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला झाला होता?" स्टील प्लांटमधून रिटायर झालेले तिचे वडील श्यामराव शेजारीच बसले होते.

"कुणालेच नाही," ते म्हणाले.

हे खोटं होतं. त्यांची धाकटी बहीण पद्मजा एकोणचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेली होती. आपल्या पोरींची लग्नं अडतील म्हणून त्यांनी नात्यागोत्यात सगळ्यांना कावीळ सांगितली. अगदी बायकोलाही.

अपेक्षाचं वय कमी, म्हणून डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करवलीच. रिपोर्ट आल्यावर ते समजावून सांगू लागले, "पेशीतला डीएनए सारखा कुठे ना कुठे तुटत असतो. तो दुरुस्त करून कॅन्सरला अडवणारी प्रथिनं शरीरात असतात. बीआरसीए-वन त्यातलंच एक. ते बनवणाऱ्या जनुकात हिच्या जन्मापासून बिघाड आहे. आईकडून आला असेल, नाहीतर वडिलांकडून."

"म्हणजे मीच देल्लं पोरीले?" अपेक्षाच्या आईने, वसुंधराबाईंनी तोंडाला पदर लावला.

श्यामरावांना ते बघवेना. "तू नाही. मी. पद्मजाले कावीळ नव्हती."

मग अपेक्षा हळूच म्हणाली, "मागच्या वर्षीच गाठ हाताले लागली होती, बाबा. साधी असंन म्हणून बसून राहिली मी. आत्याचं मालूम असतं तर बसली असती का? कावून लपवलं?"

"तुमची लग्नं..." श्यामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वैशाली नगरला धाकट्या लेकीच्या, शिल्पाच्या घरी गेले आणि तिच्या सासूसमोरच सगळं सांगून टाकलं. "इतकी वर्षं आमाले फसवलं?" सासूबाई म्हणाल्या. श्यामरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शिल्पाच्या रक्तातही तोच बिघाड निघाला. गाठ मात्र नव्हती. आता दरवर्षी तपासणी करायची होती.

अपेक्षाचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. श्यामराव रोज डबा घेऊन जात. ती कामापुरतंच बोले. एका दुपारी डबा बाजूला सारत ती म्हणाली, "तुमीपण तपासून घ्या. पुरुषांलेही होते म्हणे."

"घेतो," म्हणत श्यामरावांनी डबा परत तिच्यापुढे सरकवला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.