बिबळा, क्रमांक २००९/४७/१

आमच्या वनस्पती उद्यानाच्या यादीत ३१२ झाडं होती. तपासणीत प्रत्यक्ष उभी सापडली २७१; त्यांतल्या १८९ झाडांच्या खोडावर तारेने बांधलेला बिल्ला होता. बिल्ल्यावर तीन आकडे असतात: बी आणलं ते साल, त्या वर्षीच्या नोंदीतला बियाण्याचा क्रमांक आणि त्या बियाण्याचं कितवं रोप. २००९/४७/१ हा बिबळा. त्याच बियाण्याची २ आणि ३ ही रोपं केव्हाच मेली होती.

या झाडासाठी धनाभाऊ सातपुड्याच्या पायथ्यावरून चोपड्याला उतरून, दोन एसट्या बदलून एरंडोलला आले. बी त्यांच्याच पाड्यावरच्या बिबळ्याचं होतं. तो बिबळा साखरेच्या आजारावर साल सोलून नेणाऱ्यांनी संपवला. आता पाड्याच्या टेकडीवर एकही नाही. यंदा आमचं झाड पहिल्यांदाच शेंगांनी लगडलं, म्हणून मीच त्यांना फोन केला होता.

धनाभाऊंनी बिल्ला बोटाने उचलला. “झाडले बी आधार कार्ड शे का?”

“शे ना!” माळी योगराजभाऊ हसले. “तुन्हं हरावी, यानं हरावत नई. पोरं भंगारमा इकतस, म्हनीसन तपासनीना आगोदर दर साल मी पक्कडवरी तारले पीळ मारस.”

मी वाकून पाहिलं. तार दिसत नव्हती. ती सालीत बुडाली होती. तिच्या वरचं खोड फुगलेलं, खालचं बारीक, आणि मधून लाल डिंक ओघळून वाळलेला. बिबळ्याला लाल डिंक येतोच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी चाकूने खालची साल खरवडली. कोरडी, तपकिरी. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. ती वाट तारेने बंद केली होती.

“मंग इतल्या शेंगा कश्या?” धनाभाऊ म्हणाले.

“मरायला टेकलेलं झाड कधीकधी असं फळतं, भाऊ.”

योगराजभाऊ धावत जाऊन पक्कड घेऊन आले. तार तुकड्यातुकड्यांनी तोडली. “आते जगी ना, ताई?”

मी जमिनीपर्यंत खरवडत गेले. हिरवं कुठेच लागलं नाही. वाळवी मात्र लागली. खालून फुटवा येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“बी तं शे ना,” धनाभाऊ म्हणाले. “माले एकच रोप द्या. खड्डा खंदी ठेयेल शे. बकऱ्या नको खावाले म्हनीसन काट्यासनं कुंपनबी करेल शे.”

आम्ही सगळ्या शेंगा उतरवल्या. पंख कापून एकेक उघडली. बहुतेक पोकळ निघाल्या. भरीव बी ओल्या वाळूत पेरलं. धनाभाऊ दर बाजाराच्या दिवशी फोन करायचे. आधी विचारायचे, “दिखनं का काही?” नंतर नुसतं “हा?” म्हणून थांबायचे.

पाच आठवड्यांनी वाळू उपसून पाहिली.

शेंगा २४०. भरीव बी ९. अंकुर ०.